गच्चीवर गाडी, मागं पन्हाळा: खेळण्यातल्या रेल्वेचे बाहेर फोटो काढणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापुरात खेळण्यातली किंवा मॉडेलची रेल्वे घराबाहेर नेऊन, मातीत-गवतात ठेवून, जरा गंमत करत फोटो काढायचे असतील तर लोक साधारण हेच विचारतात. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळीत संपलीत, विषयच तसे आहेत.

घरात टेबलवर काढले तर काय बिघडतं? बाहेर कशाला?

बिघडत काही नाही, पण ऊन घरात आणता येत नाही. सूर्य एकच आणि खूप लांब, त्यामुळं सावली एकच पडते आणि कडा एकदम स्वच्छ असते, खऱ्या गाडीची पडते तशीच. घरात ट्यूबलाइट, वरचा बल्ब आणि खिडकी असे तीन उजेड असले की इंजिनाला तीन सावल्या पडतात आणि बघणाऱ्याला का ते कळत नसलं तरी डोळ्याला लगेच समजतं की हे टेबलवरचं खेळणं आहे. दुसरं म्हणजे माती, दगड, गवत, आभाळ हे सगळं बाहेर फुकट आहे, तेच घरात बनवायला बसलात तर महिना जाईल.

गाडी कोणती घ्यायची? महागडं मॉडेल लागतंच का?

नाही लागत. जत्रेत किंवा खेळण्यांच्या दुकानात मिळणारा बॅटरी सेलवर चालणारा सेट पण चालतो, फक्त तो चमकतो, आणि इंजिनाच्या तोंडावर डोळे-बिळे रंगवलेले असतील तर ते तोंड कॅमेऱ्याकडे करू नका.

मॉडेलमध्ये जायचं असेल तर दोन आकार लक्षात ठेवा. एचओ म्हणजे खऱ्याचा ८७ वा भाग, त्याचा रूळ १६.५ मिमीचा, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं. एन म्हणजे १६० वा भाग, रूळ ९ मिमी. बाहेर काढायचे असतील तर एचओ घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, कारण एनमध्ये माणूस जेमतेम एक सेंटीमीटरचा होतो आणि मातीचा साधा कण सुद्धा धोंड्याएवढा दिसायला लागतो. अडचण एवढीच की आपल्या भारतीय रेल्वेची हुबेहूब मॉडेलं कमी मिळतात आणि परदेशी डबे आपल्यासारखे दिसत नाहीत. मग पुठ्ठा घ्या. लाल एलएचबी डबा (एक्सप्रेस गाड्यांचा नव्या धाटणीचा) खरा साडेतेवीस मीटर लांब असतो, एचओमध्ये तो २७ सेंमी होतो, म्हणजे चपलांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात आरामात बसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे-कोल्हापूर वंदे भारत सुरू झाली तेव्हापासून पोरांना तीच पाहिजे असते, आणि पुठ्ठ्यात तिचं ते लांबट नाक जमवणं हेच सगळ्यात अवघड काम आहे, बाकी डबे सोपे.

फोटो खरा वाटत नाही, खेळणंच वाटतं. काय चुकतंय?

दहातल्या नऊ वेळा कॅमेरा उंच आहे. बाकी सगळं नंतर.

हिशोब करून बघा. माणसाची नजर जमिनीपासून साधारण १.६ मीटरवर असते, त्याला ८७ ने भागलं की १८ मिमी. म्हणजे फलाटावर उभं राहून गाडी बघतोय असं वाटायला पाहिजे असेल तर लेन्स जमिनीपासून दोन सेंटीमीटरच्या आतच पाहिजे. आता तुम्ही फोन जमिनीवर सरळ उभा केला तर लेन्स वरच्या टोकाला, तेरा-चौदा सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे एचओच्या दुनियेत तुम्ही चार मजली बिल्डिंगच्या गच्चीवरून बघताय. उपाय एकदम सोपा, फोन उलटा करा. खालचं टोक वर, कॅमेरा खाली, आणि कड मातीला टेकवा. फोटो नंतर सरळ करून घेता येतो, बहुतेक फोन स्वतःच फिरवून घेतात. एवढं एक केलं तरी निम्मं काम झालं, आणि यासाठी एक रुपया खर्च नाही.

अंतराचं पण तसंच. १५ सेंमीवरून काढलं तर ते १३ मीटरवरून काढल्यासारखं, म्हणजे शेजारच्या फलाटावर उभं राहिल्यासारखं. तीन फूट लांब जाऊन झूम केलं की सगळं चपटं होतं.

डीएसएलआर आहे माझ्याकडं, फोनपेक्षा चांगलाच येणार ना?

इथं उलटं आहे भावा. मोठा सेन्सर (कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा भाग) जवळून वापरला की इंजिनाचं नाक फोकसमध्ये आणि दुसरा डबा धूसर, आणि अशी धूसर पार्श्वभूमी हीच तर छोट्या वस्तूची खूण आहे. खरी गाडी बघताना पुढचं-मागचं सगळं लख्ख दिसतं. फोनचा सेन्सर छोटा, त्यामुळं त्यात आपोआप जास्त भाग फोकसमध्ये राहतो. पोर्ट्रेट मोड मात्र बंद ठेवा, आणि फोन जवळ नेल्यावर तो आपणहून मॅक्रोवर, म्हणजे अगदी जवळच्या फोटोच्या मोडवर, उडी मारतो ते पण बंद करा, बऱ्याच फोनमध्ये त्यानं दर्जा पडतो.

मोठाच कॅमेरा वापरायचा असेल तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ११ ते एफ १६ वर ठेवा, त्याच्या पुढं गेलात तर भोक इतकं बारीक होतं की उजेड पसरून (डिफ्रॅक्शन) सगळंच पुसट व्हायला लागतं. किंवा कॅमेरा न हलवता फोकस थोडा थोडा मागं सरकवत सात-आठ फोटो काढा आणि सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचा, फोकस स्टॅकिंग म्हणतात ते. वारं असेल तर नाद सोडा, गवत प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतं.

कोल्हापुरात कुठं जाऊन काढायचे?

आधी स्वतःची गच्ची. हे मी चेष्टेनं सांगत नाही. फुलेवाडी किंवा त्या बाजूला उंचावर घर असेल आणि आभाळ स्वच्छ असेल तर वायव्येला ज्योतिबाचा डोंगर आणि पन्हाळा दिसतो. कठड्यावर रूळ ठेवायचा, फोन उलटा करून कठड्याला टेकवायचा, की तुमची गाडी सरळ पन्हाळ्याच्या पायथ्याशी धावायला लागते. हे सकाळीच करा. सूर्य पूर्वेला, तुमच्या पाठीमागं, त्यामुळं गाडीवर पण ऊन आणि डोंगरावर पण. संध्याकाळी सूर्य त्या बाजूलाच उतरतो, मग डोंगराची नुसती काळी रेघ राहते. त्यात गाडी पण काळी करून टाकली, नुसती आकृती, तर फोटो वेगळा होतो पण छान होतो.

त्यानंतर कळंबा तलावाचा काठ, रंकाळ्याच्या बाजूचं गवत, पंचगंगा घाटाच्या पायऱ्या. घाटाचा काळा दगड सुंदर आहे पण लोकांच्या पूजा-विधी चालू असतात, तिथं मधे लोळून फोटो काढू नका, बरं दिसत नाही. पन्हाळ्यावर जांभ्या दगडाची मजा आहे, मात्र तिथल्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. तसाही उलट्या फोनला ट्रायपॉड कशाला. मसाई पठार पावसाळ्याच्या शेवटी फुलांनी भरतं, आणि ती फुलं इतकी बारीक असतात की एचओ गाडीशेजारी झाडं म्हणून चालतात. फक्त आहे त्या मोकळ्या कातळावर गाडी ठेवा, फुलांत पाय घालून नको.

खऱ्या रेल्वेच्या रुळावर खेळण्यातली गाडी ठेवून फोटो काढला तर? लय भारी येईल.

नाही. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७ आहे, परवानगी नसताना रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड जाऊ दे, विजेच्या इंजिनाची गाडी आता फार आवाज न करता येते, तुम्ही पोटावर झोपून स्क्रीनकडं बघत असताना ती कळणार पण नाही. वरच्या वायरमध्ये २५ हजार व्होल्ट असतात, सेल्फी स्टिक घेऊन डब्यावर चढणारे त्यातच जातात. खरी गाडी पाहिजेच असेल तर रस्त्यावरच्या पुलाच्या फुटपाथवरून, हद्दीबाहेरून, पुढं आपलं छोटं इंजिन धरून मागं लांबून जाणारी कोयना किंवा महालक्ष्मी एक्सप्रेस घ्या. छोटी मोठी दिसते, मोठी छोटी दिसते, आणि घरी सगळे जिवंत परत येतात.

खडी, ऊस, झाडं हे सगळं त्या मापाचं कुठून आणायचं?

या प्रश्नावर दिवस घालवता येईल. रेल्वेची खरी खडी जास्तीत जास्त ६५ मिमीची, भागिले ८७, म्हणजे पाऊण मिलीमीटर. बांधकामावरची क्रश सँड घ्या आणि घरातल्या बारीक चाळणीनं चाळा (जुनी चाळण घ्या, स्वयंपाकातली उचललीत तर पुढचं तुम्ही बघा). आपल्याकडची क्रश सँड काळ्या दगडाची असते आणि रुळाखालची खडी पण त्याच दगडाची, त्यामुळं रंग आपोआप जुळतो. रवा वापरू नका, मापाला बरोबर आहे पण मुंग्या येतात, आणि एचओमध्ये मुंगळा म्हणजे म्हैस.

ऊस तर आयता आहे. तीन मीटरचा ऊस एचओमध्ये साडेतीन सेंटीमीटर होतो, आणि बांधावरची हरळी तेवढीच वाढते. रुकडी-हातकणंगलेच्या पट्ट्यात गाडी दोन्ही बाजूच्या उसातून जाते ना, तोच सीन हरळीत रूळ ठेवला की तयार. वाळलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या म्हणजे सुरूची झाडं. भिंतीवरचं शेवाळ म्हणजे पावसाळ्यातलं गवत. पानं मात्र बघून घ्या, एक जरी मोठं पान फ्रेममध्ये राहिलं तरी सगळं मुसळ केरात.

कारखान्यांच्या उद्यमनगरात कुणी ओळखीचं असेल तर लेथवरचा लोखंडाचा चुरा आणा, मालडब्यात भरला की भंगाराची गाडी. पण तो चुरा आणि फौंड्रीतली काळी वाळू मोटरच्या इंजिनापासून लांब ठेवा, मोटरमध्ये लोहचुंबक असतो, लोखंडाचा कण आत गेला की बसला चिकटून. त्यासाठीच रूळ थेट मातीत न ठेवता प्लायच्या पट्टीवर ठोकून घ्या आणि माती फक्त कडेनं पसरा.

क्रिएटिव्ह म्हणजे नक्की काय करायचं? विषयच सुचत नाही.

कोल्हापुरात राहून विषय सुचत नाही म्हणजे कमाल आहे. आपल्याकडं गूळ मार्केट नावाचं रेल्वे स्टेशन आहे, वळिवडेच्या अलीकडं. मग गुळाची मालगाडी काढा की. मोठी ढेप साधारण ३० किलोची, एचओमध्ये ती हरभऱ्याच्या डाळीएवढी होते, तेवढे गुळाचे खडे करून उघड्या डब्यात रचायचे आणि उन्हात पटापट फोटो घ्यायचे, कारण गूळ पाझरायला लागतो. जयसिंगपूरला गाडी थांबवायची असेल तर डब्यात भडंग भरा. लवंगी मिरच्यांची रास लाकडाच्या ओंडक्यांसारखी लादली तर लांबून कुणाला कळत नाही आणि जवळून कळलं की हसू येतं. कोल्हापुरी चप्पल उपडी ठेवून तिच्या अंगठ्याच्या पट्ट्यातून बोगदा होतो का बघा, पॉलिश केलेली नवीन नको, वापरून काळी पडलेली घ्या.

आणि सगळ्यात भारी विषय म्हणजे कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे. आपला रूळ कोल्हापुरातच संपतो, कोकणात उतरणाऱ्या लाइनचं आपण कधीपासून ऐकतोय. तर टाका ना गच्चीवर. जांभ्याचे चार दगड रचून सह्याद्री करा, गगनबावड्याचं धुकं करायला उदबत्ती लावा, खाली निळं प्लास्टिक पसरून समुद्र दाखवा. शंभरेक किलोमीटरची लाइन एचओमध्ये करायला सुद्धा एक किलोमीटरच्या वर रूळ लागेल, तेव्हा घाटातलं एक वळण पुरे. पाटीवर 'वैभववाडी रोड' लिहायला विसरू नका.

एक मात्र मी कटाक्षानं सांगतो, एका फोटोत एकच गंमत. मिरच्या पण, चप्पल पण, मधे मांजर पण असं केलं की बघणारा कशावरच थांबत नाही. बाकी सगळं अगदी गंभीरपणे खरं करायचं, खडी, सावली, उंची, आणि मधे एकच गोष्ट चुकीच्या मापाची. तांबड्या रश्श्याची नदी करावी असं प्रत्येकाला कधीतरी वाटतंच. तेलाचे थेंब लेन्सवर उडतात, सांगून ठेवतो.

जुन्या काळातली गाडी दाखवायची आहे. काय बघू?

कोल्हापूर-मिरज लाइन १८९१ ला सुरू झाली, शाहू महाराजांच्या काळात, आणि ती मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. एचओमध्ये मीटरगेजला १२ मिमीचा रूळ लागतो. मिरजेला दुसऱ्या बाजूनं बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी यायची, तिचा रूळ ७६२ मिमीचा, म्हणजे ८७ नं भागून पावणेनऊ. एनचा ९ मिमी रूळ इथं फिट्ट बसतो. त्यामुळं एनची स्वस्त चाकं घ्यायची आणि वर एचओच्या मापाचा पुठ्ठ्याचा डबा बसवायचा, झाली बार्शी लाइट. गंमत म्हणजे आजच्या ब्रॉडगेजला, १६७६ मिमीला, एचओमध्ये खरं तर १९ मिमीचा रूळ पाहिजे, बाजारात १६.५ चाच मिळतो. कडेनं फोटो काढला की कळत नाही, समोरून काढला की जाणकार पकडतो.

धूर, पाऊस, पाणी कसं दाखवू?

धुराला उदबत्ती किंवा धूप, वारं नसताना, सकाळी लवकर, आणि मागं गडद काहीतरी पाहिजे नाहीतर धूर दिसतच नाही. मोबाइलवर नंतर चिकटवलेला धूर मला आवडत नाही, सगळ्यांचा सारखाच दिसतो.

पाण्याचा त्रास वेगळाच आहे. गाडी छोटी होते पण थेंब छोटा होत नाही. झारीनं पाऊस पाडला तर नारळाएवढे थेंब पडल्यासारखं दिसतं, म्हणून कुंड्यांवर फवारायच्या स्प्रेचं सगळ्यात बारीक तोंड वापरा. व्हिडिओ असेल तर स्लो मोशनमध्ये घ्या. वस्तू ८७ पट छोटी असली की पडणाऱ्या पाण्याचा वेग खरा वाटायला वेळ ८७ च्या वर्गमूळाइतका, म्हणजे साधारण नऊ पट ताणावा लागतो. फोनमधलं सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन सेकंदाला ३० वर चालवलं की आठ पट होतं, पुरेसं जवळ आहे. मोठ्या कुंडीतलं पाणी धबधबा म्हणून सोडून बघा, फरक लगेच कळेल.

आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडं गच्चीवर डबकी असतातच. फोन डबक्याच्या काठाला उलटा टेकवला की एक सेंटीमीटर पाण्यात अख्खी गाडी उलटी दिसते, पंचगंगेच्या पुलावरून निघाल्यासारखी. अडॅप्टरवर चालणारा सेट ओल्यात वापरू नका, सेलवरचा घ्या किंवा गाडी नुसती उभी ठेवा.

गाडी पळताना दाखवायची आहे, पण रॉकेटसारखी पळते.

हळू करा. खऱ्या १०० किमी वेगाची गाडी एचओमध्ये सेकंदाला फक्त ३२ सेंमी सरकते. बहुतेक सेट याच्या दुप्पट तरी पळवतात. सेल थोडा उतरलेला घातला तर आपोआप जमतं. फोटोत वेग दाखवायचा तर शटर सेकंदाचा १५ वा किंवा ३० वा भाग ठेवून गाडीबरोबर फोन सरकवा. मोटरच नसेल तर स्टॉप मोशन, सेकंदाला १२ फोटो धरले आणि दर फोटोला गाडी ४ मिमी सरकवली तर यार्डात शंटिंग करतेय, म्हणजे डबे मागं-पुढं लावतेय, असं वाटतं. पोरांकडून करून घ्या, त्यांना सुट्टीत दुसरं काय काम.

उन्हाची वेळ कोणती?

सकाळी नऊच्या आत, संध्याकाळी पाचनंतर. मेच्या पहिल्या आठवड्यात तर आपल्याकडं दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, डब्यांच्या खिडक्या काळ्या आणि छत पांढरं फटक. त्या वेळी घरात बसून खडी चाळा.

प्लास्टिक फार चमकतं.

स्वस्तातल्या गाडीवर तांबड्या मातीची एकदम बारीक पूड किंवा खडूची पूड कोरड्या ब्रशनं चोळा, चाकाकडं जास्त, छताकडं कमी. चमक पण जाते आणि गाडी सोलापूरहून आल्यासारखी दिसते. महाग मॉडेलवर हे करू नका, कॅमेऱ्याला पोलरायझर (लेन्सवर चढवायची फिल्टरची काच) लावा, प्लास्टिकवरची झळाळी त्यानं बरीच कमी होते.

रंकाळ्यावर पोटावर झोपलं की लोक गोळा होतात. लाज वाटते.

होणारच. "काय कराल्यासा?" हे विचारल्याशिवाय कोल्हापूरकर पुढं जात नाही. फोन त्यांच्या हातात द्या आणि स्क्रीन दाखवा, लगेच कुणीतरी उदबत्ती धरायला तयार होतो, कुणीतरी पोराला मागं ओढतो, आणि एक काका असतातच जे रेल्वेत होते आणि सिग्नल चुकीच्या बाजूला लावलाय म्हणून सांगतात. त्यांचं ऐका, बरोबर असतात. हे गाव मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांचं आहे, त्यांनी कॅमेरा सुद्धा स्वतः इथंच बनवला होता, तेव्हा मातीत लोळून कॅमेरा लावणारा माणूस इथं फार वेडा ठरत नाही. कुत्र्यांचं मात्र सांगता येत नाही, गुळाची मालगाडी असेल तर जास्तच.

परत आल्यावर गाडी कशी साफ करायची?

आधी मऊ ब्रश आणि हवेची फुंकणी, तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. चाकं आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडानं पुसा, ते केमिस्टकडं मिळतं. गूळ लागला असेल तर आधी कोमट पाण्याचा ओला बोळा, मग कोरडं करून ठेवा, आणि खोक्यात ठेवायच्या आधी डब्यात मुंगी राहिली नाही ना ते बघा.